आमेन म्हणेपर्यंत

आमच्या ह्यांना प्रार्थनेचं दान आहे. हे मी म्हणत नाही, आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे म्हणतात. हे स्वतः मात्र फार नम्र. कुणी कौतुक केलं की मान खाली घालून म्हणतात, "माझं काय त्यात, देणारा देव." मग तिथेच उभे राहतात, आणखी कुणी काही म्हणतंय का ते बघत.

हे म्हणजे बाळासो. सोलापूरच्या नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडण्यात त्यांचा जन्म गेला. गिऱ्हाईक उठायच्या बेतात आलं की पुढची साडी उलगडायची, हे तिथलं शास्त्र. दुकान सुटलं, पण शास्त्र प्रार्थनेत आलं. आता आमेन येणार म्हणून लोक डोळे उघडायच्या तयारीत असतात, तेवढ्यात "आणि हे प्रभू, आणखी एक" म्हणून हे पुढची घडी मोडतात. आमच्यात प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, उठायचं नाही, मध्ये बोलायचं तर मुळीच नाही. त्यामुळे यांना अडवायला वाव नाही. गॅसवर डाळ ठेवून मी या प्रार्थनांना बसायचं केव्हाच सोडलं.

पण खोटं बोलणार नाही, दान आहे. शेजारच्या हारूनची आई दवाखान्यात होती तेव्हा तो रिक्षा घेऊन दारात आला आणि म्हणाला, काका, तुम्ही नुसतं येऊन बसा, तुमचा आवाज ऐकला की अम्मीला बरं वाटतं. हे गेले, म्हातारीच्या उशाशी बसले आणि हळू आवाजात बोलत राहिले. ती शांत झोपली. घरी आल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता.

बिघडलं ते पुढे. आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी कृपादानांवर उपदेश केला. कुणाला शिकवण्याचं दान, कुणाला सेवा करण्याचं, कुणाला गाण्याचं, आणि बाळासोंना मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेचं, असं त्यांनी व्यासपीठावरून नाव घेऊन सांगितलं. मग दान हे मंडळीच्या उपयोगासाठी असतं, मिरवण्यासाठी नसतं, असंही सांगितलं. पण तोवर हे स्वतःचं नाव ऐकून इतके सुखावले होते की पुढचं काही त्यांच्या कानात शिरलंच नाही. मीच शेजारी असते तर ऐकवलं असतं, पण आमच्याकडे बायका डाव्या बाजूला बसतात.

तेव्हापासून दर रविवारची मध्यस्थीची प्रार्थना यांच्याकडे आली, माईकसकट. आणि हे देवाला सगळं सांगायला लागले, नावगावासह. सोमलिंग मास्तरांनी चोरून जिलब्या खाऊन साखर वाढलीय, प्रार्थना करा, असं यांच्या कानात सांगितलं होतं. रविवारी यांनी माईकवरून मागितलं, "हे प्रभू, तुझा दास सोमलिंग याने घरच्यांना चोरून खाल्लेल्या जिलब्यांची त्याला क्षमा कर." मास्तरांच्या बायकोने प्रार्थना चालू असतानाच डोळे उघडले. पुढे बरेच दिवस मास्तर आमच्या गल्लीतून जाणं टाळत होते. लोक हसत होते, मीही हसले. आपल्या घरावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमची रेश्मा एका लॅबमध्ये काम करते. लहानपणी कान फुटला आणि डाव्या कानाने तिला ऐकू यायचं बंद झालं. तिचं काही अडत नाही, उजवीकडून बोललं की झालं. तरुणांच्या शिबिरात तिची आणि करमाळ्याच्या अमरेशची ओळख झाली. शाळेत गणित शिकवतो, मुलगा साधा, मन लावून ऐकणारा. रेश्माने त्याला पहिल्याच दिवशी कानाचं सांगून टाकलं. तो म्हणाला, मला काही नाही, पण आईला मी माझ्या पद्धतीने सांगतो, जरा वेळ दे. रेश्माने आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं, तो सांगेपर्यंत आपण बोलायचं नाही. मी मान डोलावली. ह्यांनीही डोलावली. तिचं सगळं मन त्या मुलात गुंतलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग एका गुरुवारी अमरेश आईला घेऊन आमच्याकडे आला. सोजरबाई म्हणजे ताठ बाई, नवरा गेल्यावर एकटीने मुलाला वाढवलेली. पोहे खाल्ले, रेश्माला जवळ बसवून घेतलं, नेमका तिचा उजवा कान त्यांच्याकडे येईल असं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. गप्पा रंगल्या. साखरपुडा नाताळच्या आधी की नंतर इथपर्यंत गाडी आली. निघताना प्रार्थना करायची आमची रीतच आहे, त्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मी करणार होते. पण सोजरबाई ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, तुमच्या प्रार्थनेचं लई नाव ऐकलंय.

झालं. मी म्हटलं, थोडक्यात करा, त्यांची गाडी चुकेल. हे म्हणाले, आत्मा चालवील तसं. आणि डोळे मिटले.

सुरुवात छान झाली. सोजरबाईंचा प्रवास, करमाळ्याचं पाऊसपाणी, त्यांचं वैधव्य, सगळ्यांवरून प्रार्थना फिरून आली. आमेन जवळ आलं असं वाटलं. आणि यांनी पुढची घडी मोडली.

"आणि हे प्रभू, आणखी एक. आमच्या रेश्माचा डावा कान लहानपणीच गेला. किती दवाखाने झाले, तू जाणतोस. तो कान आजही बंद आहे. तरी तू तिला किती गुणी केलंस."

मी कोपराने ढोसलं. मला गहिवरून आलं असं समजून यांनी आवाज आणखी चढवला. मी एक डोळा उघडला, तर समोर सोजरबाईंचे दोन्ही उघडे. सगळी खोली डोळे मिटून बसलेली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय. बोलायची सोय नाही, प्रार्थना चालू आहे. शेवटी आमेन झालं. अमरेशने तर डोळेही उघडले नाहीत.

"आता मी बी करते," सोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. आम्हालाही मिटावे लागले. "देवा, ही मानसं चांगली हायती. पोरगी तर सोन्यावानी हाय. पण कानाचं मला कुनी सांगितलं न्हाय. मी काय परकी हुते व्हय? आमेन."

उत्तर द्यायचं तर दुसरा मार्ग नव्हता. मी लगेच सुरू केलं, हे दयाळू पित्या, आमच्या मनात फसवायचं नव्हतं, तूच साक्षी आहेस. तेही आमेन झालं. आणि मग जी पोरगी चारचौघांत कधी तोंड उघडून प्रार्थना करत नाही, ती रेश्मा बोलली.

"प्रभू, मी अमरेशला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना आईला सांगायची भीती वाटत होती. आमेन."

सगळ्यांनी अमरेशकडे पाहिलं. तो अजून डोळे मिटूनच होता, आणि जन्मभर तसंच बसायचं त्याने ठरवलेलं दिसत होतं. शेवटी तो बारीक आवाजात "आमेन" म्हणाला.

सोजरबाईंचा चेहरा एकदम उतरला. कानाचं त्यांना लागलं असेलच, पण पोटचा पोरगा आपल्याला भितो, हे परक्या घरात ऐकणं त्याहून वाईट. त्या उठल्या, पदर सावरला आणि कळवतो एवढंच म्हणून निघाल्या. अमरेश मागोमाग गेला. त्याने दारातून वळून पाहिलं, पण रेश्मा खाली बघत होती.

माझी जीभ शिवशिवत होती. पण रेश्माच आधी बोलली, आणि तिने आवाज चढवला नाही. "पप्पा, तुम्ही देवाला सांगत नव्हता. त्यांना ऐकवत होता."

हे बसूनच राहिले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. खूप वेळाने मला म्हणाले, "मी देवाशीच बोलतोय असं मला खरंच वाटायचं गं. पण समोर माणसं बसली की दुकानच सुरू होतं." मी भांडायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांचं तोंड बघून त्यातलं काहीच बोलवेना. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. मी नुसती शेजारी बसले.

रविवार आला. तोवर आमच्याकडे काहीतरी बिनसल्याची कुणकुण आख्ख्या मंडळीला लागली होती, सोलापुरात त्याला वेळ लागत नाही. मी रेश्माला घेऊन नेहमीच्या जागी बसले आणि सहज मागे पाहिलं, तर शेवटच्या बाकावर सोजरबाई. करमाळ्याला न जाता त्या शहरातच बहिणीकडे राहिल्या होत्या. अमरेश पुरुषांच्या बाजूला अंग चोरून बसलेला. सोजरबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. त्या कशासाठी आल्या ते मला लगेच उमगलं. गुरुवारी त्यांच्या घरचं जे उघडं पडलं, ते आज हा माणूस माईकवरून देवाला सांगतो की काय, हे त्यांना बघायचं होतं.

पाळकसाहेबांनी नाव घेतलं. हे पुढे गेले, माईक हातात घेतला. लोक बूड टेकून नीट बसले, आता बराच वेळ जाणार म्हणून. यांची नजर मंडळीवरून फिरत शेवटच्या बाकावर गेली आणि थांबली. "आज इथे करमाळ्याहून आलेली एक आई बसली आहे," हे वाक्य मला ह्यांच्या आवाजात ऐकूसुद्धा आलं. रेश्माने माझं मनगट धरलं.

ह्यांनी माईक बंद करून टेबलावर ठेवला. "ज्याचं त्यानं आपलं आपण देवाला सांगावं," ते साध्या आवाजात म्हणाले. "मी तुमच्याबरोबर उभा राहतो."

आणि उभे राहिले, डोळे मिटून, हात खाली सोडून. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. आधी लोक खरी प्रार्थना सुरू व्हायची वाट बघत राहिले. सोमलिंग मास्तर खाकरले. मग हळूहळू सगळीकडे ओठ हलायला लागले. कुणीतरी पुढच्या बाकावर हुंदका दिला आणि कोण ते बघायला कुणी मान वळवली नाही. मी माझ्या मनातलं इतक्या दिवसांचं सगळं बोलून घेतलं, अगदी ह्यांच्याबद्दलच्या तक्रारींसकट. ही त्यांची आजवरची सगळ्यात लांब प्रार्थना होती, आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

उपासना सुटल्यावर अंगणात सोजरबाई आमच्याकडे आल्या. त्या ह्यांच्यासमोर थांबल्या.

"माजं समदं ठावं हुतं तुमाला. तरी बोलला न्हाय."

ह्यांनी नुसते हात जोडले. मग त्या रेश्माकडे वळल्या.

"अमरेशला माजी भीती वाटती म्हनं. तुला वाटती का?"

रेश्माने एकदा अमरेशकडे पाहिलं. "वाटते," ती म्हणाली. "पण मी सांगेन तुम्हाला."

सोजरबाईंच्या हातातला पदर सुटला.

"मग तूच पायजेस मला घरात."

ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांना रडू फुटलं.