मुसफ्फातला कागदी दरवाजा

मित्रांनो, मला बिजागरी नाही आणि कुलूपही नाही. लाकडाच्या बारीक चौकटींवर पांढरा कागद चिकटवून मला तयार केले आहे. जमिनीतल्या खोबणीत मी डावीउजवीकडे सरकतो. मी जपानी दरवाजा आहे, आता जुना झालो आहे, आणि माझे बहुतेक आयुष्य अबुधाबीजवळच्या मुसफ्फात, वर्कशॉपच्या गराड्यात गेले.

ज्या सुताराने मला घडवले त्याने माझ्यात एकही खिळा ठोकला नाही. लाकडात लाकूड बसवून त्याने सांगाडा उभा केला आणि त्यावर तुतीच्या सालीचा कागद लावला. हा कागद उजेड आत येऊ देतो आणि हवासुद्धा. बंद खोलीतही माणसाला मोकळे वाटावे, म्हणून आमच्याकडे अशी दारे करतात.

एका जपानी कंपनीने आपल्या इंजिनिअरांसाठी मुसफ्फात घर बांधले, तेव्हा मी जहाजातून तिथे आलो. लाकडी घर, जमिनीवर गवताच्या जाड चटया, आणि दोन खोल्यांच्या मध्ये भिंतीऐवजी आम्ही दरवाजे. बाहेर दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज आणि वाळू असे. आत माणसे पायमोजे घालून हळू चालत. माझा कागद दर वर्षी बदलला जाई. आखातात युद्ध पेटले तेव्हा ते लोक घाईने निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

पुढे १९९२ साली कराडच्या एका जोडप्याने ते घर भाड्याने घेतले. प्रल्हादशेठ आणि लतिकावहिनी. त्यांनी तिथे स्वस्तातले लॉजिंग सुरू केले. व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आलेले, कामगारांच्या कॅम्पमध्ये जागा न मिळालेले, असे लोक येत. पलंग नव्हते. चटईवर गादी पसरायची आणि सकाळी गुंडाळायची.

घराचा नियम एकच होता. पादत्राणे दारातच काढायची आणि रॅकमधल्या आपल्या कप्प्यात ठेवायची. जपानी लोकांनी बनवलेला तो रॅक वहिनींना फार आवडला. "हे तर आपल्याच घरासारखं झालं," असे त्या म्हणाल्या. त्या रॅकचा प्रल्हादशेठना आणखी एक उपयोग सापडला. घरात कोण आहे हे पाहायला ते खोल्यांमधून फिरत नसत. रॅककडे नजर टाकत.

नवे पाहुणे माझ्यावरून बोट फिरवत.

"शेठ, ही भिंत म्हणायची की पडदा?"

"भिंतच. जरा हलकी आहे, एवढंच."

ते कौतुकाचे दिवस लवकर सरले. कोणाची बॅग लागून मी फाटलो, कोणाच्या कोपराने भोक पडले. त्या भोकांवर कॅलेंडरची पाने आणि औषधांच्या पिशव्या चिकटल्या. वर्षाला कागद बदलायची पद्धत जपान्यांबरोबरच गेली होती.

मग राजाभाऊ आले. ते वेल्डर होते आणि नेहमी रात्रपाळी करत. दिवसा झोपायला त्यांना माझ्या शेजारची लहान खोली मिळाली. एकदा त्यांनी स्टोव्हवर कणकेची खळ शिजवली आणि माझी सगळी भोके पांढऱ्या कागदाने बुजवली.

"जपानी साहेब," ते मला म्हणाले, "सदरा पार विटलाय तुमचा. नवा शिवतो एकदा."

वहिनी बाहेरून ओरडल्या, "राजाभाऊ, दाराशी बोलता तेवढं बायकोशी फोनवर बोलत जा."

"वहिनी, दार मधेच तोडत नाही हो!"

१९९९ च्या उन्हाळ्यात एक पाहुणा जाताना राजाभाऊंचे कामाचे बूट घालून निघून गेला. कंपनीने त्यांना नवे बूट दिले, पण रॅकवरचा त्यांचा विश्वास उडाला. ते बूट पिशवीत घालून खोलीत आणू लागले आणि उशाशी ठेवू लागले. खोलीच्या बाहेरच्या दाराला त्यांनी आतून कडीही बसवून घेतली. नियम मोडतो आहोत याची त्यांना लाज वाटत असावी, म्हणून त्यांनी हे कोणाला सांगितले नाही.

त्याच सुमारास चटयांमध्ये ढेकूण झाले. पाहुणे रात्रभर अंग खाजवत आणि चार दिवसांत दुसरी जागा बघत. एक कंत्राटदार आपले नवे कामगार तिथे ठेवणार होता. त्याचा माणूस शनिवारी घर पाहायला येणार होता. कीटकनाशक फवारणाऱ्यांना तोपर्यंत वेळ नव्हता. प्रल्हादशेठना गावची आठवण झाली. त्यांची आई गव्हाच्या कोठीत विषारी गोळ्या ठेवत असे आणि वर्षभर किडा लागत नसे. तसल्या गोळ्या त्यांनी ओळखीच्या एका गोदामातून आणायचे ठरवले. हवा लागली की त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. कोठी बंद असते आणि कोठीत माणूस नसतो, एवढा फरक त्यांनी विचारात घेतला नाही.

गुरुवारी रात्री जेवताना त्यांनी सर्वांना सांगितले, "उद्या सकाळी सगळ्यांनी बाहेर पडायचं. संध्याकाळपर्यंत घरात कुणी नको."

"अहो, राजाभाऊ कामावर गेलेत. त्यांना?" वहिनींनी विचारले.

"सकाळी आला की सांगतो ना."

"विसरू नका. आणि एकेकाला हाक मारून बघा, मगच त्या गोळ्यांना हात लावा."

"अगं, मी काय आज आलोय का इथे?"

सकाळी वहिनी अबुधाबीला बहिणीकडे गेल्या. शेठ गोळ्या आणायला गेले. पाहुणे निघून गेल्यावर राजाभाऊ रात्रपाळीवरून आले. घर शांत पाहून त्यांना बरेच वाटले असेल. कडी लावली, बूट उशाशी ठेवले, एसी सुरू केला आणि झोपले.

थोड्या वेळाने शेठ परतले. त्यांनी रॅक पाहिला. सगळे कप्पे रिकामे होते. कोणीतरी राजाभाऊला सांगितले असेल, असे ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. त्यांनी माझ्या दुसऱ्या बाजूच्या मोठ्या खोलीत गोळ्या ठेवल्या आणि माझ्या कडांना चिकटपट्टी मारली. मला दोन बोटे जरी सरकवले असते तरी झोपलेला माणूस दिसला असता. पण ते दुसऱ्या दाराने बाहेर पडले.

चिकटपट्टीने माझ्या कडा बंद झाल्या. माझा कागद उघडाच होता. त्या दिवशी माझ्यातून जे पलीकडे गेले, ते मी अडवू शकलो नाही.

संध्याकाळी वहिनी आणि शेठ अंगणात उभे असताना राजाभाऊंच्या कंपनीची बस आली. ड्रायव्हर तय्यबने हॉर्न वाजवला, मग तो खाली उतरला.

"राजाभाऊ किधर है? यल्ला, चलो, सब बैठ गये."

"वो तो सुबह ही बाहर गया," शेठ म्हणाले.

"कहाँ गया, सेठ? सुबह मैंने ही इधर छोडा. बोला, खलास, अब सोऊंगा."

वहिनी धावत सुटल्या. लहान खोलीचे दार आतून बंद होते. "राजाभाऊ! अहो राजाभाऊ!" उत्तर आले नाही. तोंडाला ओढणी दाबून त्या मोठ्या खोलीत शिरल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. चिकटपट्टी निघेना. मग त्यांनी मूठ वळली आणि माझा कागद फाडून हात पलीकडे घातला. त्यांच्या मागून तय्यब आला. दोघांनी मिळून माझी चौकट मोडली आणि राजाभाऊंना बाहेर ओढले.

राजाभाऊ दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारले. पोलिसांनी विचारले तेव्हा प्रल्हादशेठ एवढेच सांगत राहिले, "रॅक रिकामा होता, साहेब." त्यांना तुरुंगवास झाला. वहिनी कराडला परतल्या. पुढे ते घर पाडले गेले आणि मी दुबईत अल क्वोजच्या एका भंगाराच्या गोदामात येऊन पडलो. माझी मोडलेली चौकट अजून कोणी जोडलेली नाही.

मित्रांनो, धान्यातले विष धान्यातच राहू द्या. जिथे माणसे झोपतात तिथे ते आणू नका. आणि पलीकडे कोणी नाही, हे चपला पाहून ठरवू नका. हाक मारा. उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर आलेच नाही, तर मधला दरवाजा कितीही जुना, कितीही सुंदर असो, त्याची पर्वा करू नका. तो फाडा.