अज्ञाताचा रकाना

महेश्वरनं हेडफोन एका कानावरून सरकवला आणि पडद्यावरची लाल रेघ बोटानं दाबून धरली, जणू ती उठून चालू लागेल.

"झीनत, हा कुणाचा?"

"गिरिजाबाई नाहीत की सर. त्या सावकाश फिरतात."

वळसंगजवळच्या माळावरच्या त्या केंद्राचं काम एवढंच होतं: हवेतून येणारे रडारचे ठोके ऐकायचे आणि कुठला कुणाचा ते तिथल्या तिथं ओळखून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. हवामानाचं रडार म्हणजे गिरिजाबाई. निवांत फिरत सगळ्यांच्या अंगणात डोकावणार. विमानतळाचं म्हणजे पोस्टमन. अनोळखी ठोक्याला वीस मिनिटांत ओळख द्यावी लागे. पूर्वी फॉर्मवर 'अज्ञात' असा रकाना होता. पण महिनाअखेर त्यातला आकडा फुगलेला बरा दिसत नाही, म्हणून वरच्या कार्यालयानं रकानाच काढून टाकला. तेव्हापासून जगात अज्ञात असं काही उरलं नव्हतं.

आजचा ठोका मात्र फिरत नव्हता. रडार फिरतं तेव्हा आवाज येतो, जातो, पुन्हा येतो. हा तीन वाजता आला तो आलाच. म्हणजे ज्याचा कुणाचा होता तो शोधत नव्हता. त्याला सापडलं होतं.

"यंत्र बिघडलंय," महेश्वर म्हणाला. बावीस वर्षांच्या नोकरीत हे निदान सहसा चुकलं नव्हतं. "मी खालच्या अँटेनाकडं जाऊन बघतो."

केंद्राच्या तीन अँटेना होत्या, पडद्यावर प्रत्येकीची एक रेघ; खालची अँटेना दीड किलोमीटरवर होती. तापलेल्या सीटवर निम्मा उभा राहून त्यानं मोटारसायकल नेली. पेटी उघडतो तोच वॉकीटॉकी खरखरला.

"सर, इथला गेला की! तुम्ही फाटकातून बाहेर पडलात आणि कमी कमीच होत गेला."

महेश्वरनं पेटीत पाहिलं. तिथली, ठोक्याचा जोर दाखवणारी सुई टोकाला टेकली होती.

तो परत आला. खालची सुई पडली, वरची रेघ लाल झाली. पुन्हा गेला, पुन्हा तेच. मग त्यानं झीनतला पाठवलं. ती जाऊन आली तरी रेघ जागची हलली नाही. घाम पुसत आत येऊन झीनतनं आपली खुर्ची हातभर लांब ओढली. निव्वळ कामाच्या सोयीसाठी, असा तिचा चेहरा होता.

"सर, राग मानू नका. तुम्ही कधी काही केलंय का?"

"अकरावीत कॉपी."

"तेवढ्यासाठी एवढं कोण करंल!"

महेश्वर हसला नाही. तिकडंही कुणीतरी एक कान उघडा ठेवून बसला असेल, एका रेघेवर बोट दाबून. त्यालाही वीस मिनिटांचा नियम असेल.

साडेचार वाजले. सहाला घरी बारसं होतं. लेक अपेक्षा बाळंतपणाला आली होती. नात बारा दिवसांची. घर सोलापुरात, शहरातली तिसरी अँटेना ज्या इमारतीवर होती तिच्या अगदी मागं. महेश्वरनं किल्ली उचलली, मुठीत धरली, आणि परत खिळ्याला अडकवली. तो गेला तर हेही मागोमाग येणार. थेट पाळण्यापर्यंत.

त्यानं घरी फोन लावला.

"निघालात का?" बायको, राजेश्वरी म्हणाली. "पाळणा सजवून झाला. बायका यायला लागल्यात."

"तुम्ही उरकून घ्या. मला आज इथंच राहावं लागंल."

"आजोबाशिवाय बारसं करतात व्हय? पहिली नात हाय हो तुमची!"

"उद्या येतो की."

"नकाच येऊ. त्या रडारलाच घाला पाळण्यात आणि म्हणा गाणी!"

मागं बाळ रडत होतं. बोलणं संपलं होतं, राजेश्वरीनं रागानं फोन कुठंतरी आपटून ठेवला होता. तरी महेश्वरनं मोबाइल कानावरून काढला नाही. रडणं थांबेपर्यंत तो ऐकत राहिला. मग हळूच बंद केला.

"सर, गेला!" झीनत ओरडली. "इथं बी नाही, खाली बी नाही!"

तीन वाजल्यापासून पहिल्यांदाच दोघं हसली. महेश्वरनं किल्ली काढून घेतली.

"फॉर्मवर काय लिहू?"

"पोस्टमन लिही. रस्ता चुकला होता म्हण."

झीनत लिहायला वाकली आणि तशीच राहिली. तिनं हेडफोन काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. पडद्यावर तिसरी रेघ, शहराची, लाल झाली होती. हलत नव्हती.

महेश्वर वॉकीटॉकी घेऊन बाहेर धावला. माळावर उतरतं ऊन होतं. झाड नाही, भिंत नाही. मधोमध जाऊन तो टाचा उंचावून उभा राहिला आणि दोन्ही हात जमतील तेवढे पसरले.

"झीनत! आता?"

वॉकीटॉकी खरखरला.

"सर," ती म्हणाली, "शहराची तशीच आहे. अजून जरा उघड्यावर या."