रेश्माताईचे अठ्ठ्याहत्तर पत्ते

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला रमीचा डाव आठवेल. पण माझ्यात बदामची राणी नाही की इस्पिकचा एक्का नाही. मी टॅरो पत्त्यांचा एक जुना संच आहे. माझे अठ्ठ्याहत्तर पत्ते आहेत आणि प्रत्येकावर वेगळे चित्र आहे. पुष्कळ लोक मला भविष्य सांगणारा समजतात. मी साधा जाड कागद आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एका छापखान्यात माझा जन्म झाला. तेथून कुरियरने मी अकोले तालुक्यातल्या एका डोंगराळ गावी आलो. तेथील आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नव्याने लागलेल्या रेश्माताईने मला मागवले होते. ती मूळची खर्ड्याची, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. गावात तिचे ओळखीचे कोणी नव्हते. रोज सकाळी चहा झाला की ती मला पिसायची, एक पत्ता काढायची, चित्राकडे बघत बसायची आणि मनात येईल ते वहीत लिहायची. एकदा कंदील घेतलेला एकटा म्हातारा निघाला. तिने लिहिले, ‘आठ दिवसांत मी औषधपाण्याशिवाय कोणाशी काही बोलले नाही.’ त्या संध्याकाळी ती घरमालकीण आक्काबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली.

“रोज एकटीच पत्ते खेळती व्हय गं?” आक्काबाईंनी विचारले.

“खेळत नाही. चित्र बघते आणि स्वतःलाच प्रश्न विचारते.”

“मंग उद्याचं कळतं का त्यातनं?”

“नाही. आजचंच थोडं कळतं.”

हे ऐकून मला फार बरे वाटले. मला इतके नीट कोणी ओळखले नव्हते.

दिवाळीनंतर ताईचा भाऊ हनुमंत बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. खर्ड्याच्या घरी आई लंकाबाई एकटी राहिली. फोनवर बोलताना तिला धाप लागे.

“आई, मी येऊ का?” ताईने विचारले.

“कशाला? जरा दम लागतो, दुसरं काय न्हाई. तुझी नोकरी नवी हाय, रजा नको काढू.”

दुसऱ्या कोणाची आई असती, तर ताईने तिला त्याच दिवशी दवाखान्यात धाडले असते. पण दुसऱ्या सकाळी तिने वही उघडलीच नाही. मला दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, “आई बरी आहे ना?” सूर्याचा पत्ता निघाला. पांढऱ्या घोड्यावर हसरे मूल, मागे सूर्यफुले. तिचा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, तो पत्ता केवळ योगायोगाने वर आला होता. खर्डा कोणत्या दिशेला आहे, हेही मला ठाऊक नव्हते.

मग ती रोज तेच विचारू लागली. एके दिवशी वीज पडून कोसळणारा बुरूज निघाला. तिने तो घाईने परत खुपसला आणि मनासारखे चित्र येईपर्यंत पत्ते काढत राहिली. मी तिच्या हातात होतो, तरी इतका एकटा मी कधीच नव्हतो. ‘निघ’ एवढेच मला सांगायचे होते. पण कागदाला तोंड नसते.

पाचव्या दिवशी खर्ड्याच्या घराशेजारच्या मच्छिंद्रचा फोन आला. “ताई, लंकाबाई अंगणात पडल्या. जामखेडला दवाखान्यात आनलंय. या लवकर.”

तीन एसट्या बदलून ती दिवेलागणीला पोहोचली. मी तिच्या पिशवीत होतो.

“आई, तुला विचारायचं सोडून मी पत्त्यांना विचारत बसले,” ती खाटेशी बसून म्हणाली.

लंकाबाई थांबत थांबत बोलली, “तू इचारलं असतंस, तरी मी खरं सांगितलं नसतं. दोघी बी एकमेकीला जपत हुतो. आता बस इथं. हात धर.”

ताईने दोन दिवस तो हात सोडला नाही. तिसऱ्या दिवशी लंकाबाई गेली.

ताईने सारे सांगितले, तेव्हा उसाच्या फडातून आलेला हनुमंत मला पाहून संतापला. “हे नदीत सोडून दे आधी.”

“पत्त्यांचा काय दोष, दादा? विचारायची जागा माझी चुकली,” ताई म्हणाली. नोकरीच्या गावी परतल्यावर तिने मला वहीबरोबर लोखंडी पेटीत ठेवले. या गोष्टीला तीन वर्षे झाली. पेटी उघडलेली नाही. दमटपणाने माझे काही पत्ते एकमेकांना चिकटले आहेत. बाहेर ताईचा आवाज येतो, तेव्हा मी कान देतो. माझे नाव ती घेत नाही.

मित्रांनो, स्वतःच्या मनात डोकावायचे असेल, तर माझ्यासारख्याला जरूर जवळ करा. माझे कोपरे दुमडू देऊ नका, मला ओल लागू देऊ नका. पण दुसऱ्याची खुशाली मला विचारू नका. ज्याची काळजी वाटते, त्याच्या दारी जा, आणि तो ‘बरा आहे’ म्हणाला तरी जरा वेळ बसा. मी पेटीत कितीही वर्षे पडून राहू शकतो. माणसांजवळ तेवढा वेळ नसतो.