मधलं वावर

आंजीत कसलीही समिती निघो, पुंडलिकराव तिचे अध्यक्ष असायचेच. खुर्ची दिसली की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. त्यामुळे पुतणी सुरभी वांदरं हाकलायचं अ‍ॅप घेऊन आली, तेव्हा त्यांनी आधी तेच विचारलं.

"याचा अध्यक्ष कोन?"

"कोनीच नाई, काका. शिवारात टॉवर पकडत नाई ना, म्हणून निरोप या फोनातून जवळच्या फोनात, तिथून पुढच्या फोनात जाते. ज्याले वांदरं दिसले तो सांगते, जो जवळ आहे तो धावते."

"मंग मले काऊन पाह्यजे?"

झालं, रुसले. बाकी सगळ्यांनी अ‍ॅप घेतलं. पण घोळ असा, की नाल्याकाठी सुरभीच्या आईची, रंभावहिनींची वांगी, अलीकडे बाकीच्यांची वावरं, आणि बरोब्बर मधे पुंडलिकरावांचं. वहिनींचा निरोप पुंडलिकरावांच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत यायचा आणि पुढे फोनच नाही म्हणून तिथेच बसायचा. सोमवारी वांदरांनी अर्धी वांगी फस्त केली. वहिनी एकट्याच ओरडत राहिल्या.

वहिनी भांडल्या नाहीत. उष्ट्या वांग्यांची टोपली त्यांनी दिराच्या ओट्यावर आणून ठेवली. "भाऊजी, भरीत करजा," एवढंच म्हणाल्या.

पुंडलिकराव पार ओशाळले. वहिनींचं घर त्या वांग्यांवर चालतं, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? संध्याकाळी त्यांनी सुरभीपुढे फोन धरला. "टाकून दे थे अ‍ॅप यात. अन् मले काय करा लागन?"

"काईच नाई. फोन खिशात ठेवून वावरात राहा."

उभा जन्म भाषणं करण्यात गेलेल्या माणसाला याहून अवघड काम आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिशातून वहिनींचा आवाज आला, "वांदरं आले!" पुंडलिकरावांनी सवयीने घसा खाकरला, तोवर अलीकडच्या वावरातला तानबा बोललाही, "निघालो." थाळ्या बडवत माणसं त्यांच्याच वावरातून पळत गेली, रामराम करायलाही कोणी थांबलं नाही. त्यांनाही धावावंसं वाटलं, पण त्यांनी जागा सोडली नाही. उरलेली वांगी वाचली. त्यांना इतका आनंद झाला, की एकटेच धुऱ्यावर हसत बसले.

संध्याकाळी पिपरी मेघेहून फोन आला. उद्या सत्काराचा कार्यक्रम आहे, अध्यक्ष तुम्हीच, हारही सांगून ठेवलाय.

"उद्या जमत नाई," पुंडलिकराव म्हणाले. "दुसरं कोनी पाहा. मी वावरात नसलो, त वहिनीचा निरोप अडकते."