भिजलेले हरभरे आणि इंग्रजीचा पेपर

"पूजा आटोपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, सुधा. खुणा केल्यास तर चालेल," असं सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्या गेल्या, पण सकाळचं मौन मी पाळत आले.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चमधला शुक्रवार. मी देवापुढे बसणार, तोच शेजारची कोकिळा आली. कडेवर लेकरू, हातात पुस्तक. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला तिचा मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर होता. याच विषयात ती दोनदा राहिली होती. यंदाही राहिली तर पुस्तकं बंद, असं सासरे वासुदेवरावांनी बजावलं होतं.

"काकू, मी नाई जात पेपरले! राइज, स्वेल, सर्ज, हीव्ह, बिलो... समदं वरच जाते ना? मंग पाच शब्द काऊन? धड्यात म्हणे समुद्र. आपल्या सिंदी मेघ्यात कोणं पाह्यला समुद्र?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"हाव, तुमचं मौन. माह्यावालं नशीबच बयताड, येडं!"

मी उदबत्तीच्या धुराकडे बोट दाखवलं.

"राइज. ते येते मले."

मग नैवेद्याचे हरभरे दाखवले. रात्री मूठभर भिजवलेले, आता वाटीत मावत नव्हते.

"हे आतूनच फुगले... स्वेल?"

मी मान डोलावली आणि तिला अंगणात नेलं. दोरीवरच्या यांच्या ओल्या धोतरात वारा शिरून त्याचं पोट झालं होतं.

"वाऱ्यानं फुगलं... बिलो! काकाजीचं धोतर पाहा कसं मिरवून राह्यलं!"

तेवढ्यात चुलीवरचं दूध एकदम उसळलं. मी धावले. माझ्या मागून कोकिळा ओरडली, "सर्ज! काकू, सर्ज!"

त्या ओरडण्यानं लेकरू रडायला लागलं. तिनं त्याला खांद्यावर टाकलं. रडं थांबलं, तरी हुंदक्यांनी इवलीशी छाती जडपणे वर-खाली होत होती. मी तिथं हलकेच हात ठेवला.

"हीव्ह," ती हळूच म्हणाली. आणि तिचा चेहरा उतरला. "पण काकू, याले कोण पाहीन? सासू म्हणते, लेकरू टाकून पेपरले जाते का कोणी?"

मी पूजेला बसले. ती उंबऱ्यात बसून शब्द घोकत राहिली. आरती झाली, प्रसादाचे हरभरे तिच्या हातावर ठेवले आणि मग मी बोलले, "मी सांभाळीन. वर्ध्याला शाळेच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाच्या सावलीत बसेन. मध्येच भूक लागली त्याला, तर बाटली आहेच."

शनिवारी पहाटेच पूजा उरकली. यांचा चहा झाकून ठेवला. दुधाची बाटली आणि दोन दुपटी पिशवीत घातली, आणि दार हलकेच ओढून घेऊन मी कोकिळाच्या घराकडे निघाले.