रुमालाखालचे मत

“चाचा, हात लय गार पडलाय तुमचा,” रुमालाखाली बोटे दाबता दाबता आकाराम म्हणाला.

“डोंगराचा वारा हाय रं. तू मत दे आन ऊठ,” रमजान उत्तरला.

आकारामची बोटे फौजेत ट्रक हाकून राठ झालेली होती. त्यांचा दाब रमजानला कसाबसा उमगला. तीन बोटे. मांडीवरच्या तीन पिशव्यांपैकी तिसरीत त्याने डाव्या हाताने एक चिंचोका सोडला.

औंधच्या यमाईच्या डोंगराखाली, मोकळ्या माळावर, सातारा-सांगलीकडच्या मोटारप्रेमी मंडळींचा वार्षिक मेळा भरला होता. वर्षभरात घेतलेल्या नव्या कोऱ्या गाड्या वर्गवार उभ्या होत्या : लहान, विजेवरच्या आणि अखेरीस मोठ्या. प्रत्येक वर्गात सभासदांनी मत देऊन सर्वोत्तम गाडी निवडायची आणि त्या गाडीने हार लेवून सर्वांच्या पुढे देवीच्या पायरीपर्यंत जायचे, असा प्रघात होता.

पूर्वी ही मते चिठ्ठीवर घेत असत. परंतु एकदा अक्षरावरून मत ओळखले गेले आणि त्यापायी दोन साडूंनी दसऱ्याला एकमेकांना सोने देणे सोडले. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष धैर्यशीलराव यांना रमजान तांबोळीचे स्मरण झाले. रमजानने उभी हयात बैलबाजारात दलालीत घालविली होती. रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटांच्या खुणेने भाव ठरवायचा आणि एकाचा भाव दुसऱ्यास मरेतो सांगायचा नाही, हा त्याचा धर्म. बाजारातील बैल कमी झाले, दलाली आटली. तथापि हा हात मात्र मोटारींच्या कामी आला. पहिल्या गाडीस त्याचे एक बोट दाबायचे, दुसरीस दोन, तिसरीस तीन. वर्षातून हा एकच दिवस असा होता, की लोक त्याला खुर्ची देत आणि त्याच्यापुढे रांग लावत.

त्याच दिवशी सकाळी त्याच्या बायकोने, नूरजहांने, त्याच्या हातातला पेला हिसकावून घेतला होता. “आवं, बोटं लाल झाली की! चटका बसला त्यो बी कळंना व्हय तुमास्नी?” साखरेच्या आजाराने बोटांतली जाणीव हळूहळू काढून नेली होती. “आज नगा जाऊ,” ती म्हणाली होती. त्यावर इस्त्रीचा रुमाल खांद्यावर टाकून तो म्हणाला, “तळहाताला सवय हाय गं. त्यो इसरत न्हाई.”

लहान गाड्यांचा आणि विजेवरच्या गाड्यांचा निकाल सुरळीत पार पडला. मतदार बहुतेक शेतकरी; धरले की आवळूनच धरीत. आता मोठ्या गाड्यांचा वर्ग चालला होता. पहिली गाडी पाटणच्या एका डॉक्टरांची, दुसरी धैर्यशीलरावांची काळी, तिसरी आकारामची पांढरी. जन्मभर सरकारची गाडी हाकलेल्या आकारामने ही पहिलीच स्वतःच्या नावावर घेतली होती. हार पडेल या आशेने त्याने समोरची काच पहाटेपासून पुसपुसून झिजविण्याचेच बाकी ठेवले होते.

“काच फुटंल गड्या,” कोणी तरी टोमणा मारला. “देवीला दिसतंय तसं बी!”

“देवीला दिसतंय. तुला दिसाय पायजे म्हणून पुसतोय,” आकाराम म्हणाला.

रांगेतून संयोगिता पुढे आली. धैर्यशीलरावांची सून, स्वतःची गाडी स्वतः चालविणारी, म्हणून मंडळाची सभासद. तिने रुमालाखाली हात घातला. रमजान वाट पाहत राहिला. तिचे ओठ मिटले. म्हणजे मत देऊन झाले होते. रमजानला मात्र नीट कळले नव्हते. एकाहून अधिक बोटे दाबली, एवढेच भासले. पुढे दोन की तीन, ते धुक्यात गेले.

“पुन्ना धर, बाळ,” तो अगदी हळू म्हणाला. बैलबाजारात हे वाक्य त्याने कधी उच्चारले नव्हते.

तिने पुन्हा दाबले; याही वेळी त्याला उमगले नाही. नंतर मान वर केली, सासऱ्यांच्या काळ्या गाडीकडे ओझरते पाहिले आणि तितक्याच हळू म्हणाली, “चाचा, घरी कळायला नको हं.”

“ह्या हातातनं कवा काय भाईर गेलंय?” रमजान म्हणाला. चिंचोका त्याने करंगळीखाली दाबून ठेवला.

तिच्यामागून उरलेली रांग संपली. त्याने पिशव्या ओतल्या. पहिली हलकी निघाली. दुसरी आणि तिसरी बरोबरीत उतरल्या.

तिचे मत कोणते असावे, याचा तर्क कोणालाही करता आला असता. चिंचोका तिसऱ्या ढिगात सरकविला असता, तर आकारामच्या गाडीला हार पडला असता आणि कोणी ब्रही काढला नसता. परंतु तर्काने भाव सांगणाऱ्यास बाजारात दलाल म्हणत नाहीत. तिला परत बोलावून विचारावे, तर सासऱ्यांच्या देखत तिचे मत उघड्यावर पडणार होते.

रमजान खुर्चीवरून उठला.

“काळी आन पांढरी बरोबरीत हायती,” तो म्हणाला. “आन एक मत माज्या हातात हरवलं. माज्या बोटास्नी आता कळत न्हाई.”

मागून कोणी तरी हसले. “मग आधीचं दोन निकाल तरी खरं हायती का, चाचा?”

“त्ये खरं हायती. दाब कळला तेवढंच टाकलं.”

“हरवलेलं मत कुणाचं?” धैर्यशीलरावांनी विचारले.

“त्ये रुमालात ऱ्हायलं, मालक.”

गर्दीत उभ्या असलेल्या संयोगिताने पदर सारखा केला. धैर्यशीलरावांनी थोडा विचार करून सांगितले, की दोन्ही गाड्या जोडीने पुढे जातील आणि पुढच्या सालापासून मते मोबाईलवर घेतली जातील. ते रागावले नव्हते. खुर्ची मात्र लगेच कोणी तरी उचलून टेम्पोत टाकली.

उतरत्या उन्हात आकारामने रमजानला पांढऱ्या गाडीत आपल्या शेजारी बसवून घेतले. अर्धा हार समोरच्या काचेवर हलत होता.

“एक मत कमी पडलं बगा,” आकाराम म्हणाला. मग गिअर बदलून तोच पुढे म्हणाला, “जाऊ द्या. सीट बगा की हात लावून. कसं हाय कापड?”

रमजानने सीटवरून हात फिरवला. “लय मऊ हाय,” तो म्हणाला.

तेवढ्यात दोघांच्या मध्ये काही तरी टपकन पडले.

“काय पडलं, चाचा?”

रमजानने खाली पाहिले. करंगळीखालचा चिंचोका होता. तो इतका वेळ आपल्या मुठीतच होता, हे त्याला आत्ता, डोळ्यांनी पाहूनच कळत होते.

“काय न्हाई रं. तू म्होरं बग.”

त्याने चिंचोका उचलण्याचा प्रयत्न केला. तो चिमटीतून निसटला; पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तेव्हा रमजानने खांद्यावरचा रुमाल काढला, नीट उलगडला आणि त्या चिंचोक्यावर पसरला.