लोखंडाला घातलेला टाका

मित्रांनो, माझ्या अंगाचा रंग नेमका कोणता, हे आता मलाही सांगता येणार नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पिवळाधमक होतो. आज मी ठिणग्यांनी भाजलेला, काजळीने माखलेला, कोपऱ्यांना पोचे आलेला वेल्डिंगचा एक जुना डबा आहे. माझा खांद्याला अडकवायचा पट्टा दोनदा बदलला, पंखा एकदा. पण आतली मंडळी शाबूत आहेत आणि माझा आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझ्या पोटात पट्ट्या बसवल्या, कुणी तारा जोडल्या, कुणी पंखा लावला. शेवटी एका माणसाने माझ्यावर एक रॉड जाळून पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "चला, पुढचा." एवढेच माझे बारसे.

तिथून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. पाण्याच्या पाइपांची वेटोळी आणि खिळ्यांचे डबे यांच्यामध्ये मला जागा मिळाली. माझ्या डाव्या हाताला चाकांवरचे एक अवाढव्य मशीन होते. उजव्या हाताला माझ्याहून लहान एक होते, पण त्याच्या खोक्यावर 'तीनशे अँपिअर' हा आकडा त्याच्या अंगापेक्षा मोठा छापलेला होता. पलीकडे रॉडऐवजी तार वितळवून जोडणारे एक देखणे मशीन होते, शेजारी वायूची टाकी घेऊन बसलेले. गिऱ्हाइके येत, मोठ्याला थोपटत, देखण्याकडे पाहत आणि जात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. असे सात महिने गेले.

एके दिवशी सकाळी एक नवरा-बायको दुकानात आले. दुकानदाराने नवऱ्यासाठी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली, "बोला साहेब, कसलं काम करायचंय?"

"मला काय विचारताय?" नवरा म्हणाला. "मशीन हिला हवंय. मी नुसता उचलायला आलोय."

दुकानदाराने मान वळवली. बाई पन्नाशीच्या होत्या. गळ्यात मोजपट्टी, कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. सव्वीस वर्षे त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. सगळे त्यांना शिलाईताई म्हणत. त्यांच्या गोठ्याच्या फाटकाची बिजागरी तुटली होती. मिस्त्रींना बोलावले की ते म्हणत, "उद्या येतो." असे अकरा 'उद्या' गेले. दोरीने बांधलेले फाटक एका दुपारी सुटले, वासरू रस्त्यावर गेले आणि पाय मोडून घेऊन परत आले. ते वासरू ताईंनीच बाटलीने दूध पाजून वाढवलेले. त्या रात्री जेवताना त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "आता मी कुणाची वाट बघणार नाही."

"तर मग हे मोठं घ्या," दुकानदार म्हणाला. "आत अस्सल तांबं आहे. नातवंडं वापरतील."

"वापरतील हो, पण उचलणार कोण? आमचं काही मोडतं ते घरात येऊन मोडत नाही. बांधावर मोडतं, ओढ्यापाशी मोडतं."

"चाकं आहेत ना त्याला."

"नांगरलेल्या रानात चालवून दाखवा बरं."

नवरा खोकण्याच्या निमित्ताने हसला. दुकानदाराने मग तारेच्या मशीनवर हात ठेवला. पातळ पत्र्याला याच्यासारखा सुबक टाका कुणाचाच येत नाही, असे त्याने सांगितले, आणि ते खरेही होते. ताईंनी टाकीकडे बोट दाखवले. "हा वायू कशाला?"

"वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून."

"आणि उघड्यावर वारा सुटला की वायू उडून गेला?"

"थोडा त्रास होतो खरा."

"मग हे आडोशाच्या कामाचं. आमच्या रानात वारा पाहुण्यासारखा येत नाही, तो राहायलाच आहे."

नवऱ्याने लहानग्याचे खोके उचलून पाहिले. "अगं, हे हलकं आहे, आणि तीनशेची ताकद लिहिलीय."

ताईंनी ते हातात तोलले. "एवढ्याशा पोटात तीनशे?"

दुकानदाराने आवाज खाली आणला. मनाचा तो सरळ होता. "ताई, ते तीनशे नुसते खोक्यावरचे आहेत."

मग ताईंची नजर माझ्यावर पडली. मित्रांनो, सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझ्याविषयी प्रश्न विचारत होते, आणि प्रश्नही कसले! हे सलग किती वेळ चालते? दुकानदार म्हणाला, पूर्ण जोर लावला तर दहा मिनिटांत सहा मिनिटे, मग त्याला दम खाऊ द्यायचा. "माझ्या शिलाईच्या मोटरीसारखंच आहे म्हणायचं," ताई म्हणाल्या. वीज मंद असली तर? चालते, पण जोर कमी पडतो. जनरेटरवर? जनरेटर पाच केव्हीए ताकदीचा असेल तर चालते. बिघडले तर? सुटे भाग इथेच मिळतात आणि कारागीर मागच्या खोलीतच बसतो.

मग ताईंनी पिशवीतून लोखंडाचे तुकडे काढले. आपल्या शेतात आणि घरात जे जे मोडते ते त्या मोजपट्टी घेऊन आधीच मोजून आल्या होत्या. त्यातले सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ असे दोन्ही नमुने त्यांनी टेबलावर ठेवले. "हे दोन्ही जोडून दाखवा."

कारागिराने जाड तुकडा झटक्यात जोडला. पातळ पत्र्याला मात्र माझ्या हातून भोक पडले. मी शरमलो. कारागिराने माझा जोर उतरवला, बारीक रॉड लावला आणि पुन्हा केले. या वेळी जमले. "आता मी," ताई म्हणाल्या. त्यांनी मुखवटा चढवला, रॉड टेकवला आणि तो तिथेच चिकटून बसला. दुकानदार समजूत घालू लागला, "ताई, ही काही शिलाई नव्हे."

"टाका तर आहेच की," ताई मुखवट्याच्या आतून म्हणाल्या. "शिलाई शिकताना पहिल्या दिवशी सुई बोटात घुसली होती. त्या मानानं हे बरंच."

आणि त्यांनी मला निवडले! नवऱ्याने मला उचलायला हात पुढे केला, पण ताईंनी माझा पट्टा स्वतःच्याच खांद्यावर घेतला.

त्यानंतरचा एक महिना त्या रोज सकाळी भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवत होत्या. मग त्यांनी गोठ्याच्या फाटकाला हात घातला. तो पहिला टाका दिसायला कसा होता म्हणून विचाराल, तर कावळा बसून गेल्यासारखा. पण घट्ट होता. दुसऱ्या दिवशी बैलाने सगळा भार टाकून त्यावर मान घासली, तरी फाटक हलले नाही. ताईंनी बैलालाच शाबासकी दिली.

त्यांचे मोठे दीर बांधापलीकडे राहत. त्यांना सगळे थोरले म्हणत. थोरले धाकट्या भावाला म्हणाले, "अरे, ही आता लोखंडाला काज-बटणं करणार का?" ते ताईंशी कधीच सरळ बोलत नसत. जे असेल ते, 'अरे, तिला सांग.' ताई नुसत्या हसल्या. दोन वर्षांत आम्ही ट्रॉलीच्या फळ्या सांधल्या, पाण्याच्या टाकीचा घोडा उभा केला, शेजाऱ्यांच्या खाटा आणि सायकली बऱ्या केल्या. ताईंचा टाका सरळ होत गेला. मीही त्यांच्या हाताला सरावलो.

मग एक वाईट दिवस आला. थोरल्यांनी पंपाची तुटलेली बैठक पाठवली. ती बिडाची होती. बीड दिसते लोखंडासारखे, पण स्वभावाने काचेसारखे असते, आमचे साधे रॉड त्याला चालत नाहीत. ताईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी जोड मारला, जोड छान दिसला, आणि पंप सुरू करताच टाक्याच्या कडेने तडकला. थोरल्यांनी ही गोष्ट चार घरी सांगितली. लोक पुन्हा मिस्त्रींच्या दाराशी जाऊ लागले. ताईंनी मला पुसले, पोत्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवले. तीन महिने मी तिथे होतो. माझ्या जाळीत धूळ बसली, केबलीवर उंदराचे दात उमटले. शिलाई मशीनचा आवाज दिवसभर ऐकू येई आणि मला वाटे, आपले काम संपले.

एका दुपारी ताईंचे यजमान धावत आले. "अगं, थोरल्या दादांच्या रानात पाणी घुसलंय! वरून पाटाला जास्त पाणी सोडलंय आणि दार लागत नाहीये. चाकच फुटलं."

पाटाचे लोखंडी दार एका आट्यांच्या उभ्या दांड्यावर वरखाली होते आणि तो दांडा वरच्या चाकाने फिरवतात. थोरल्यांनी जोर केला आणि चाकाचे दोन तुकडे झाले. पान्हा लावून पाहिला, तो निसटत होता. खाली थोरल्यांचे सगळे बटाट्याचे शेत, काढणीला आलेले. संध्याकाळपर्यंत पाणी साचले असते तर बटाटे जमिनीतच सडले असते. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "उद्या सकाळी पहिलं काम तुमचं."

ताईंनी माझे पोते ओढले. फुंकर मारून जाळी साफ केली, केबलीला चिकटपट्टी गुंडाळली. जनरेटर, कटर, भंगाराची पेटी आणि मी, सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.

थोरल्यांनी चाकाचे तुकडे पुढे केले. "अरे, तिला म्हणावं, हे जोड लवकर."

"हे मी जोडणार नाही, भाऊजी," ताई म्हणाल्या. "हे बीड आहे. मागच्यासारखंच तुटेल. मी दुसरं करते."

त्या दगडी कठड्यावर चढल्या. दांड्याचे वरचे टोक चौकोनी होते. गळ्यातली मोजपट्टी त्यांनी टोकाभोवती धरली. "चारी बाजू सव्वा इंच. अहो, जाड पट्टीचे चार तुकडे कापा." मला त्यांनी ओल्या बांधावर टेकू दिले नाही. ट्रॉलीत कोरड्या फळीवर ठेवले. चार तुकड्यांची चौकोनी टोपी झाली, टोपीवर आडवा पाइप बसला. मोठी चावीच झाली म्हणा ना. दोघा भावांनी ती दांड्यावर बसवली आणि जोर लावला.

कडाक्! पाइप सुटून हातात आला.

थोरल्यांनी तो खाली टाकला. "गेलं सगळं."

ताईंनी तुटलेला टाका निरखून पाहिला. "वरवर बसलाय, आत शिरलाच नाही. माझीच घाई झाली." त्यांनी कटरने दोन्ही कडा उतरत्या घासल्या, जाड रॉड घेतला आणि माझे बटण आजवर कधीच नेले नव्हते तिथपर्यंत फिरवले. जनरेटर कण्हू लागला. मी पेटलो! मित्रांनो, त्या दिवशी मी जसा जळालो तसा पुन्हा कधी जळालो नाही. टाका खोल, अगदी मुळापर्यंत उतरत होता. पण माझे पोट तापले, पंखा घोंगावू लागला. ताईंनी हात थांबवला.

"अरे, ती थांबली का?" थोरले भावावर ओरडले.

"त्याला दम खाऊ द्या," ताई म्हणाल्या.

"पाणी थांबलंय का दम खायला?"

"हे बंद पडलं तर तुमचं दार कोण लावणार, भाऊजी? दोन मिनिटं."

त्या दोन मिनिटांत ताईंनी पुढचा रॉड चिमट्यात लावून ठेवला. पाण्याचा आवाज तेवढा होता. मग ताईंनी पहिल्या टाक्यावर दुसरा टाका घातला, एकसारखा, जाड कापडाच्या दुमडीवर घालतात तसा. चावी निवू दिली. हातोडीने वरची खपली उडवली, तेव्हा आतला टाका लखलखत होता.

दोघा भावांनी पाइप धरला. हलेना. ताईही लागल्या. दांडा करकरला, अडला, आणि फिरला! एक फेरा, दोन, दहा. ताई मोठ्याने मोजत होत्या. बेचाळिसाव्या फेऱ्याला दार खाली टेकले आणि पाण्याचा आवाज बंद झाला. खालच्या चार ओळी तेवढ्या गेल्या. बाकीचे सगळे शेत वाचले.

थोरल्यांनी चावी दांड्यावरून उपसून घेतली. मग ताईंकडे वळून म्हणाले, "शिलाईताई, माझ्याही गोठ्याचं फाटक मोडलंय. तुमच्या सवडीनं..."

"सवड कसली? आत्ताच चला. जनरेटर चालूच आहे."

पुढच्या महिन्यात पाटाच्या पाणीवाटपाची मंडळी घरी आली. पाटाला अकरा दारे होती आणि सगळ्यांची चाके तसलीच जुनी होती. एक चावी झालीच होती, उरलेल्या दहा आम्ही दोघांनी केल्या. मिस्त्री स्वतः बघायला आले. टाक्यावर अंगठा फिरवून म्हणाले, "कुणाकडे शिकलात?"

"तुमच्यामुळेच शिकले," ताई म्हणाल्या, आणि मिस्त्रीही हसले.

आता पहिले मशीन घ्यायचे असले की लोक ताईंना विचारायला येतात. कोणते घेऊ, किती ताकदीचे घेऊ? ताई म्हणतात, "आधी दुकानात जाऊ नका. आपल्या घरातून, रानातून एक चक्कर मारा. काय मोडतं, कुठे मोडतं, तिथे वीज कशी येते, ते बघा. मग मशीन आपोआप सापडतं." हे ऐकताना माझी छाती फुगते, कारण तसा सापडलेला पहिला मीच.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी असेल. त्याच्या जाळीतली धूळ झटका. त्याला ओलीत ठेवू नका, आणि ते तापले की थोडे थांबा. एखादे काम फसले म्हणून त्याला पोत्यात बांधून टाकू नका. ते काम त्याच्या ताकदीचे होते का, एवढे मात्र नीट तपासा. आम्हाला हौस काम करण्याची असते. फळीवर बसून कुणी म्हातारे व्हायला बघत नाही.

बरे, आता पुरे. ताई आल्या आहेत. आज शाळेच्या जिन्याला कठडा बसवायचा आहे, दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत. त्यांनी हातमोजे चढवले, मुखवटा खाली घेतला. माझा पंखा फिरू लागला आहे. मित्रांनो, चार पावले मागे व्हा आणि तोंड तिकडे फिरवा. माझ्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे नसते. हं, फिरवलेत? मग पेटतो!